पाण्याचा हिशेब आपल्या ऑर्डरीपासून सुरू होतो

२० सप्टेंबर २०२४ रोजी वर्धा येथे पंतप्रधानांच्या हस्ते अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली. नांदगाव पेठ येथे सुमारे एक हजार एकर जागेवर हे पार्क व्हायचे आहे. २०२३ साली देशात अशी सात पार्के मंजूर झाली, त्यांपैकी महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले हे एक. तेव्हापासून आमच्या नाचणगाव-पुलगावच्या बाजारात दोन प्रश्न नेहमी ऐकू येतात. पोरांना नोकऱ्या किती मिळणार आणि आपला कापूस काय भावाने उचलला जाणार? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण कापडाच्या धंद्यात तीस वर्षे काढल्यावर आम्हाला तिसरा प्रश्न जास्त मोठा वाटतो, आणि तो कोणी विचारताना दिसत नाही. इतके कापड धुवायला आणि रंगवायला पाणी कुठून येणार, आणि वापरून झाल्यावर ते कुठे जाणार?

आपण वर्धा नदीच्या खालच्या अंगाला राहतो. वर मोर्शीजवळ सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण आहे. अमरावती शहर त्याच पाण्यावर जगते. त्याखाली आर्वी तालुक्यात धनोडीला निम्न वर्धा, आणि मग पुलगावचा पूल. वर जे उचलले जाईल ते आपल्यापर्यंत येणार नाही, आणि वर जे सोडले जाईल ते कधी ना कधी आपल्या दारावरून जाईल. हे समजायला इंजिनिअर व्हावे लागत नाही.

पुलगावची कापूस गिरणी एकोणिसाव्या शतकात उभी राहिली ती काही नकाशावर बोट ठेवून नाही. रेल्वे होती, चौफेर कापूस होता आणि शेजारी नदी होती. वाफेच्या इंजिनाला पाणी लागे, बॉयलरला पाणी लागे, सूत तुटू नये म्हणून कताई खात्यात हवा दमट ठेवावी लागे. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली तीदेखील जुम्मा तलावाच्या काठी. त्या काळी पाणी फुकट होते, म्हणून त्याचा हिशेब कोणी लिहिला नाही. ती सवय आपल्या धंद्याच्या हाडात मुरली आहे. कापसाचा, कोळशाचा, रंगाचा, मजुरीचा पै-पैचा हिशेब वहीत सापडतो. पाण्याचे पान कोरे.

वाचकांपैकी पुष्कळ जण मागवाले आहेत. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, आमच्या विदर्भात नागपूरचे मोमीनपुरा आणि कामठी. ते म्हणतील, आमच्या मागाला पाणी लागत नाही, हे दुखणे प्रोसेसवाल्यांचे. हे अर्धेच खरे आहे. मागावर चढण्यापूर्वी ताण्याला जी कांजी चढते, ती पुढे प्रोसेसमध्ये धुऊन काढावी लागते, आणि सुती कापडाच्या सांडपाण्यात नदीतला प्राणवायू खाणारा जो माल असतो त्याचा मोठा हिस्सा या कांजीचाच असतो. सायझिंगमध्ये हात सैल सोडून जास्त कांजी चढवली की धागा कमी तुटतो, मागवाला खूश. पण तीच कांजी काढायला पुढच्याला जास्त एन्झाइम, जास्त गरम पाणी, जास्त खेपा लागतात. तेव्हा मागवाल्याचे या कामाशी नाते नाही असे म्हणता येत नाही.

कांजी निघाली की कॉस्टिकमध्ये उकळायचे, मग पेरॉक्साइडने ब्लीच, मग रंग, मग साबण, आणि प्रत्येक पायरीनंतर धुणे. जुन्या पद्धतीच्या प्रोसेसमध्ये एक किलो सुती कापडामागे १०० ते १५० लिटर पाणी सहज जाते. एका सदऱ्याला पाव किलो कापड धरले तर शिवण्यापूर्वीच त्याने २५ ते साडेसदतीस लिटर पाणी पिऊन टाकलेले असते. यातले रंगाच्या बाथमध्ये थोडेच जाते. बहुतेक सगळे धुण्यात जाते.

आता थोडा आकड्यांचा हिशेब मांडतो. व्यापारी माणसाला आकड्यांचा कंटाळा नसावा.

समजा १०० किलो सुती कापड रिॲक्टिव्ह रंगात गडद निळे करायचे आहे. जुन्या विंच मशीनमध्ये किलोमागे २० लिटर पाण्याचा बाथ लागतो, म्हणजे २,००० लिटर. रिॲक्टिव्ह रंग कापडाला चिकटावा म्हणून बाथमध्ये मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट टाकतात. गडद शेडला लिटरमागे ७० ग्रॅम धरा. २,००० लिटरला १४० किलो मीठ झाले. लक्षात घ्या, कापड १०० किलो आणि मीठ १४० किलो. हेच कापड सॉफ्ट फ्लो मशीनमध्ये किलोमागे ६ लिटर पाण्यात रंगवले तर बाथ ६०० लिटरचा आणि मीठ ४२ किलो. मिठाचा भाव पाण्याच्या हिशेबाने चालतो, कापडाच्या हिशेबाने नाही, ही गोष्ट आमच्या कित्येक जुन्या रंगाऱ्यांनाही कोणी बसून समजावलेली नाही.

कोळशाचेही तसेच. २,००० लिटर पाणी ३० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला ६०,००० किलोकॅलरी लागतात, ६०० लिटरला १८,०००. किलोला ४,००० किलोकॅलरी देणारा कोळसा घेतला आणि बॉयलर, पाइप, उघडे झाकण यांतली गळती धरून निम्मी उष्णता कामी आली, तर पहिल्याला ३० किलो कोळसा, दुसऱ्याला ९ किलो. हा फक्त एका बाथचा फरक. पुढच्या गरम धुण्यांचा वेगळा. पाणी वाचवणे हे पुण्याईचे काम आहे की नाही हा विषय बाजूला ठेवू. कोळशाच्या बिलात ते दिसते एवढे पुरे.

नवे मशीन घ्यायला भांडवल लागते हे आम्हाला ठाऊक आहे. पण धुण्याची रीत बदलायला भांडवल लागत नाही. बहुतेक ठिकाणी काय करतात? नळ सोडून देतात, मशीन वरून वाहत राहते, आणि पाणी स्वच्छ दिसेपर्यंत कारागीर चहा पिऊन येतो. याला ओव्हरफ्लो म्हणतात. त्याऐवजी मशीन पूर्ण रिकामे करायचे, पुन्हा भरायचे, फिरवायचे, पुन्हा रिकामे करायचे. समजा मशीनमध्ये १,००० लिटर पाणी मावते आणि रिकामे केल्यावर ३०० लिटर कापडातच मुरून राहते. म्हणजे दर खेपेला नवे पाणी ७०० लिटर. पहिल्या खेपेला जुन्या घाणीचे तीन दशांश उरते, दुसऱ्या खेपेला शंभरात ९, तिसऱ्या खेपेला शंभरात ३ सुद्धा उरत नाही. पाणी गेले २,१०० लिटर. तेवढीच सफाई ओव्हरफ्लोने करायची तर सुमारे ३,६०० लिटर सोडावे लागतात. सफाई तीच, कारागीर तोच, फरक दीड हजार लिटरचा. आमच्या घरातल्या बायका कपडे तीन बादल्यांतून खळबळतात, नळाखाली धरून बसत नाहीत. त्यांना हा हिशेब कोणी शिकवला नव्हता.

याच जातीची आणखी कामे आहेत. शेवटच्या धुण्याचे जवळजवळ साफ पाणी पुढच्या लॉटच्या पहिल्या धुण्याला वापरणे. मशीन थंड करण्यासाठी जे पाणी नुसते नळीतून फिरून बाहेर येते, ज्याला रंग शिवलेलाही नसतो, ते गटारात न सोडता टाकीत घेणे. वाफेचे थंड झालेले पाणी बॉयलरला परत देणे. ब्लीचनंतर उरलेले पेरॉक्साइड मारण्यासाठी दोन-तीन धुणी करण्याऐवजी कॅटालेज नावाचे एन्झाइम टाकणे. त्याच पाण्यात पुढे रंग सुरू करता येतो. मर्सराइजवाल्यांनी हलके झालेले कॉस्टिक पुन्हा आटवून वापरणे. हे मोठ्या गिरण्या फार वर्षांपासून करतात, कारण कॉस्टिक महाग आहे.

पण यांतले काहीही करण्यापूर्वी मीटर बसवावे लागते, आणि तेसुद्धा फाटकावर एक बसवून भागत नाही. प्रत्येक मोठ्या मशीनला वेगळा पाहिजे. आमच्या माहितीतल्या एका छोट्या प्रोसेसवाल्याने असे मीटर बसवले तेव्हा त्याच्या लक्षात आले की रात्रपाळीत, मशीन बंद असतानाही, आकडा पुढे सरकतो आहे. फरशी धुण्याचे दोन होज रात्रभर चालू राहत. तोंडाला दाबायची चाप असलेले नोझल बसवल्यावर ती गळती थांबली. मालक इतकी वर्षे मोटारीच्या विजेचे बिल भरत होता आणि बोअरला पाणी कमी झाले म्हणून आणखी खोल जाण्याचा विचार करत होता.

आता सांडपाण्याकडे येतो. रिॲक्टिव्ह रंगाचा सगळा रंग कापडावर बसत नाही. शंभरातले साधारण ६० ते ८० भाग बसतात, बाकीचे वाहून जातात. मीठ तर एक ग्रॅमही कापडावर राहत नाही, सगळेच्या सगळे बाहेर येते. रंग डोळ्यांना दिसतो म्हणून त्याची ओरड होते. मीठ दिसत नाही. पण शेतकऱ्याच्या जमिनीचे आणि विहिरीचे जास्त नुकसान मीठच करते, कारण रंग काढण्याचे उपाय बरेच आहेत आणि विरघळलेले मीठ काढायला आरओ आणि त्यापुढे पाणी आटवण्याची भट्टी याशिवाय फारसा इलाज नाही.

तामिळनाडूतील तिरुपूरचा किस्सा आमच्या बिरादरीतल्या प्रत्येक प्रोसेसवाल्याला पाठ असायला हवा. होजिअरीचे ते शहर नोय्यल नदीकाठी आहे. शेतीसाठी खाली ओरथुपालयमला धरण बांधले, १९९२ साली ते पूर्ण झाले, आणि थोड्याच वर्षांत त्यात रंगारी कारखान्यांचे खारे पाणी साठू लागले. ज्या पाण्याने शेती भिजवायची तेच सोडू नका म्हणण्याची वेळ शेतकऱ्यांवर आली. ते कोर्टात गेले. ऑक्टोबर २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने रंगारी कारखानदारांचे अपील फेटाळले. तरी चालढकल सुरूच राहिली. शेवटी २८ जानेवारी २०११ रोजी मद्रास हायकोर्टाने सगळे रंगाई-ब्लीचिंगचे कारखाने बंद करण्याचा हुकूम दिला. एका शहरातले सातशेहून जास्त कारखाने एकदम बंद. होजिअरीवाले कापड रंगवायला परराज्यांत पाठवू लागले. नंतर तामिळनाडू सरकारने सामुदायिक सांडपाणी केंद्रांना बिनव्याजी कर्ज दिले, कारखाने हळूहळू उघडले, पण थेंबही बाहेर सोडायचा नाही या अटीवर. आज तेथील केंद्रे पाणी तर परत वापरतातच, सांडपाण्यातले मीठही काढून पुन्हा रंगाच्या बाथला देतात. म्हणजे काम अशक्य नव्हते. फक्त कोर्टाचा हुकूम येईपर्यंत ते झाले नाही, आणि मधल्या काळात जे छोटे होते, ज्यांच्याकडे दोन विंच आणि एक बॉयलर एवढेच होते, त्यांतले पुष्कळ पुन्हा उभे राहू शकले नाहीत. मोठ्यांनी कर्ज काढले, तग धरली. आमची धास्ती हीच आहे.

महाराष्ट्रात पंचगंगेचे उदाहरण आहे. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसे दगावली. काविळीचा तो विषाणू मैलापाण्यातून पसरतो, रंगातून नाही, हे डॉक्टर सांगतात. तरी त्या काळात लोकांचे बोट प्रोसेसवाल्यांकडेही गेले, कारण नदीला रंग आलेला सगळ्यांनी पाहिला होता. आपला गुन्हा किती आणि परका किती हे सांगायला आपल्याकडे वहीत आकडा नसेल तर लोक सगळाच आपल्या नावावर मांडतात.

कारागीर बांधवांना वाटेल की हे गिरण्यांचे प्रकरण आहे, हातछपाईला त्याचे काय. कच्छच्या खत्री बांधवांकडे पाहावे. धमडका हे अजरख छपाईचे जुने गाव, तेथे मुसलमान खत्री पिढ्यान्पिढ्या हे काम करत आले. गावची नदी आटत गेली, बोअरच्या पाण्यात लोह वाढले आणि लोहामुळे रंगांची शेड बिघडू लागली. २००१ च्या भूकंपानंतर त्यांतल्या पुष्कळांनी भुजजवळ अजरखपूर नावाचे नवे गाव वसवले, त्यामागे भूकंपाइतकेच पाण्याचेही कारण होते. तेथे त्यांनी धुण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरणाचीही सोय केली. हुन्नर हातात असतो हे खरे, पण तो पाण्याशिवाय उतरत नाही. आणि वनस्पती-रंग म्हणजे आपोआप निर्मळ असेही समजू नये. फटकडीचा उपयोग ठीक आहे. रंग पक्का करायला क्रोम किंवा मोरचूद टाकले तर ते पाणी केमिकल रंगाइतकेच घातक होते. या विषयात ज्यांना शिकायचे आहे त्यांना लांब जावे लागणार नाही. वर्ध्याचे मगन संग्रहालय नैसर्गिक रंगाईचे काम करते, आणि वर्ध्यातच महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेत खादी व वस्त्रोद्योगाचा स्वतंत्र विभाग आहे. नाचणगावहून एका दिवसात जाऊन येता येते.

सरकारी नियमाविषयी एक तक्रार आहे, ती येथे नोंदवतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्राने कापड उद्योगाच्या सांडपाण्याची नवी मर्यादा ठरवली. बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅम, सीओडी २५०, विरघळलेले क्षार २,१००. मर्यादा असावी, याबद्दल दुमत नाही. पण सगळे मोजमाप लिटरमागे आहे. आता वरचा हिशेब पुन्हा पाहा. १४० किलो मीठ १०,००० लिटर पाण्यात गेले तर लिटरला १४,००० मिलिग्रॅम भरते. त्याच माणसाने धुण्याचे पाणी वाचवून ६,००० लिटरवर आणले तर आकडा २३,००० च्या पुढे जातो. पाणी वाचवणारा कागदावर जास्त गुन्हेगार. ज्याने बोअर चालू ठेवून सांडपाण्यात साधे पाणी मिसळले त्याचा आकडा उतरतो. ४२ किलो मीठ २,१०० च्या आत बसवायला २०,००० लिटर पाणी लागेल, १४० किलोला जवळपास ६७,००० लिटर. मिसळण्याला कायद्याने बंदी आहे हे आम्ही जाणतो, पण रात्री बोअर कोण मोजतो? आमचे म्हणणे एवढेच की लिटरच्या आकड्याबरोबर एक टन कापडामागे किती पाणी उचलले आणि किती किलो मीठ बाहेर गेले हाही आकडा तपासावा. मग मिसळणाऱ्याची लबाडी उघडी पडेल आणि वाचवणाऱ्याची कदर होईल.

तोवर प्रोसेसवाल्याने स्वतःपुरते एक काम करावे. रंगाच्या बाथचे खारे पाणी आणि धुण्याचे हलके पाणी यांच्या नाल्या वेगळ्या ठेवाव्यात. एकदा दोन्ही एकत्र झाले की सगळेच खारे, आणि सगळेच आरओला द्यावे लागते. वेगळे ठेवले तर खारे पाणी थोडेच असते, तेवढ्यासाठी भट्टीचा खर्च सोसतो, आणि हलके पाणी साध्या शुद्धीकरणाने पुन्हा वापरात येते. नवी शेड बांधताना एक जादा नाली काढायला फारसे लागत नाही. बांधून झाल्यावर फरशी फोडावी लागते.

ज्यांचे काम विणलेल्या कापडाचे आहे आणि लॉट बऱ्यापैकी लांब असतात, त्यांनी कोल्ड पॅड बॅच पद्धतीचा जरूर विचार करावा. कापड रंग आणि अल्कलीच्या द्रावणातून मँगलमध्ये दाबून काढतात, रुळावर गुंडाळतात, प्लास्टिक लपेटून रात्रभर सावकाश फिरवत ठेवतात, सकाळी धुतात. यात मीठ टाकावेच लागत नाही. तापवावे लागत नाही. मँगल आणि रूळ यांचा खर्च सॉफ्ट फ्लो मशीनच्या मानाने हलका आहे. हे तंत्र नवे नाही, पण आमच्याकडे ते कमी पसरले, आणि त्याचे कारण प्रोसेसवाल्यांपेक्षा आम्ही व्यापारी आहोत असे आमचे स्पष्ट मत आहे. आम्ही इतके छोटे आणि इतके घाईचे लॉट देतो की त्यात रात्रभर थांबायला कोणाला सवड मिळत नाही.

येथे मूळ मुद्द्यावर येतो. पाणी वापरतो रंगारी, पण किती वापरायचे ते पुष्कळसे ठरते व्यापाऱ्याच्या ऑर्डरीत. व्यापारी सोमवारी काळा मागतो, मंगळवारी मोतिया, बुधवारी परत नेव्ही ब्लू. गडदनंतर फिका रंग घ्यायचा तर मशीन उकळत्या पाण्याने एक-दोनदा धुवावे लागते, ते पाणी कोणाच्याच बिलात दिसत नाही. आठवड्याची ऑर्डर एकदम दिली आणि फिक्यापासून गडदकडे असा क्रम लावू दिला तर ती धुणी वाचतात. व्यापारी ५० मीटरचा लॉट देतो. मशीन अर्धे रिकामे असले तरी पाणी जवळजवळ पूर्ण भरावे लागते. दोन दुकानदारांनी मिळून एक शेड घेतली तर एकच बाथ लागतो.

सर्वांत मोठी नासाडी शेड मॅचिंगची. दुकानदार ट्यूबलाइटखाली नमुना पाहतो, पसंत करतो. ताके आल्यावर उन्हात नेऊन बघतो आणि म्हणतो, हा रंग तो नव्हे. माल परत. मग रंगारी तो उतरवतो, पुन्हा चढवतो. एका कापडाला दुप्पट पाणी, दुप्पट रंग, कापडही कमजोर होते, आणि तोटा रंगाऱ्याच्या डोक्यावर. नमुना कोणत्या उजेडात पाहायचा हे आधी ठरवावे, मंजूर तुकड्यावर दोघांच्या सह्या असाव्यात, किंचित फरक चालेल तर किती ते लिहून द्यावे. पहिल्याच खेपेला बरोबर उतरलेला लॉट हा पाणी वाचवण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे, आणि त्याची अर्धी चावी आमच्या हातात आहे.

भावाचेही बोलले पाहिजे. एखादा प्रोसेसवाला मीटरमागे ५० पैसे कमी घेतो म्हणून सगळे व्यापारी तिकडे धावतात. तो कमी का घेतो हे कोणी विचारत नाही. सांडपाणी केंद्राचा खर्च एकाने भरला आणि दुसऱ्याने चुकवला तर भावात फरक पडणारच, आणि बाजार चुकवणाऱ्याला बक्षीस देतो. मग कोर्टाचा हुकूम आला की दोघेही बंद, आणि आमचा माल दोघांकडे अडकलेला.

अमरावतीच्या पार्कबाबत आमची मागणी साधी आहे. तेथे प्रोसेसिंग येणार असेल तर त्याला अप्पर वर्धाचे गोडे पाणी कमीत कमी द्यावे. सुरत महानगरपालिकेने २०१४ साली बामरोलीला शहराचे मैलापाणी शुद्ध करून पांडेसऱ्याच्या कापड प्रोसेसिंग कारखान्यांना देण्यास सुरुवात केली, दिवसाला चार कोटी लिटर क्षमतेचे केंद्र आहे ते. नागपूरचे शुद्ध केलेले मैलापाणी भांडेवाडीहून कोराडीच्या वीज केंद्राला जाते. अमरावती शहराचे मैलापाणी नांदगाव पेठेला का जाऊ नये? दुसरे असे की पार्कचे सांडपाणी केंद्र मोठ्या कंपन्यांच्या मापाने बांधले गेले आणि छोट्याला त्यात जोडणीच परवडली नाही, तर नागपूर-कामठीचा छोटा रंगारी बाहेर राहील आणि बाहेर राहिलेला एक दिवस बंद होईल. छोट्या गाळ्यांना वापराच्या मापाने दर लावून सामुदायिक बॉयलर आणि मीठ परत मिळवण्याची सोय व्हावी. या गोष्टी आराखडा कागदावर असतानाच मागता येतात. आमच्या जमातीच्या व्यापारी संघटना सत्कार आणि इफ्तार उत्तम करतात. एखादे निवेदन एमआयडीसीच्या कार्यालयात वेळेवर देण्यालाही तेवढाच उत्साह दाखवावा.

ईदच्या मालाचे दरवर्षी काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. शाबान संपत येतो तेव्हा सगळे दुकानदार एकदम जागे होतात, प्रत्येकाला पंधराव्या रोज्यापर्यंत माल हवा असतो, आणि रंगारी रात्रंदिवस गडद-फिके-गडद करत पाणी ओतत बसतो. या खेपेला आम्ही रजब महिन्यातच शेड कार्ड पाठवणार आहोत. पांढरा, मोतिया, फिका हिरवा आधी. मरून, नेव्ही आणि काळा शेवटी. पुलगाव, देवळी, आर्वीच्या ज्या दुकानदार बंधूंना आपला लॉट आमच्या लॉटमध्ये मिसळायचा असेल त्यांनी कोणत्याही जुम्म्याला नमाजनंतर नाचणगावच्या दुकानावर भेटावे. नमुने उजेडातच दाखवू.